गाडीचं वजन दिसलं पाहिजे: मोटार-पाठलागाच्या चित्रपटांची पार्श्वभूमी

'बुलिट' (१९६८) या चित्रपटातला प्रसिद्ध पाठलाग एका क्षुल्लक हालचालीने सुरू होतो. काळ्या डॉज चार्जरचा चालक कमरेचा पट्टा ओढून लावतो. तोवर लालो शिफ्रिनचं संगीत सावकाश ताण चढवत आलेलं असतं. पट्टा लागतो, टायर किंचाळतात आणि संगीत तिथेच थांबतं. पुढे इंजिन, गिअर आणि रबर एवढंच ऐकू येतं.

पट्टा लावणारा तो माणूस एकही शब्द न बोलता प्रेक्षकाला बजावतो की ही गाडी पावणेदोन टनांच्या आसपासचं लोखंड आहे आणि ती कुठे आदळली तर आतल्याला लागणार आहे. जुन्या पाठलागांची ओढ आजही टिकून आहे ती याच जाणिवेमुळे. वेग पडद्यावर खोटा दाखवता येतो आणि चित्रपट सुरुवातीपासून तेच करत आला होता. वजन खोटं दाखवणं फार अवघड. ते दिसायला सिनेमाला साठेक वर्षं का लागली, याला बरीचशी यांत्रिक कारणं आहेत.

हाताने फिरवलेला वेग

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचं रीळ दांडी फिरवून पुढे सरकवायचे. सेकंदाला साधारण १६ फ्रेम हा रिवाज होता, पण काटेकोर कुणी मोजत नसे. पाठलाग आला की कॅमेरामन दांडी मुद्दाम सावकाश फिरवायचा, १२ किंवा १० फ्रेमपर्यंत. तेच रीळ नेहमीच्या गतीने दाखवलं की पडद्यावर सगळं भराभर पळायचं. हिशेब सरळ आहे: १२ फ्रेमने टिपलं आणि १६ ने दाखवलं तर वेग १.३३ पट. ताशी ४५ किलोमीटरने चाललेली गाडी ६० ची वाटते. बोलपटांनी २४ फ्रेम हे प्रमाण ठरवून टाकल्यावरही ही युक्ती सुटली नाही. २० फ्रेमने टिपलं तर १.२ पट, १८ ने टिपलं तर १.३३ पट.

मॅक सेनेटच्या मूकपटांतल्या कीस्टोन पोलिसांच्या विनोदी धावपळीला हे अगदी शोभून दिसायचं, कारण तिथे गाडी खेळण्यासारखी दिसणं हीच गंमत होती. गंभीर प्रसंगात मात्र तीच युक्ती अंगाशी येते. फुटपाथवरच्या माणसांचे पाय तुरुतुरु चालतात, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. त्याहून मोठा दोष गाडीच्या अंगात असतो. गाडीचं शरीर स्प्रिंगांवर झुलतं. जुन्या मऊ स्प्रिंगांच्या गाडीला एकदा खालीवर व्हायला सेकंदभर लागतो. ब्रेक दाबला की नाक सावकाश खाली जातं, वळणावर गाडी सावकाश कलते. डोळा या सावकाशपणावरूनच वजन जोखतो. १८ फ्रेमने टिपलेल्या शॉटमध्ये तोच झोका पाऊण सेकंदात उरकतो आणि दीड टनाची मोटार पत्र्याच्या खोक्यासारखी थडथडते. म्हणजे वेग वाढवायला जावं तर वजन हातचं जातं.

आवाज आल्यावर पंचाईत वाढली. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये येऊ नये म्हणून त्याला जाड आवरण घालावं लागे आणि ते धूड गाडीत बसवणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून गाडी स्टुडिओत आली. मोटारीचा अर्धा सांगाडा उभा करायचा आणि आधी टिपलेला रस्ता मागच्या पडद्यावर प्रक्षेपित करायचा. पुढची वीसपंचवीस वर्षं नट-नट्या अशाच गाड्या चालवत राहिल्या. रस्ता सरळ असताना नट स्टेअरिंग डावी-उजवीकडे घुसळतो, मागे सूर्य डावीकडून आणि चेहऱ्यावर उजेड उजवीकडून, हे दोष तर आहेतच. पण मुख्य गोष्ट अशी की सांगाडा हलतच नाही. दोन माणसं बाहेरून फळीने तो हिंदकळवायची, आणि ते तसंच दिसायचं.

दारूच्या गाड्या आणि हलका कॅमेरा

बदल दोन वेगळ्या दिशांनी आला. पहिली दिशा अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या डोंगराळ रस्त्यांची. तिथे बेकायदा गाळलेली दारू रात्री मोटारीतून उतरवली जायची आणि कर खात्याचे अधिकारी मागे लागायचे. या वाहतुकीच्या गाड्या बाहेरून साध्या, आतून वेगळ्या. इंजिन मोठं, मागच्या स्प्रिंगा जाड. डिकीत माल भरल्यावर गाडी मागे बसली तर अधिकाऱ्याला लांबूनच कळेल, म्हणून स्प्रिंग अशा घालायच्या की भरलेली गाडी सपाट दिसावी. रिकामी गाडी मात्र मागून उचललेली दिसे, आणि जाणकार त्यावरूनच ओळखत. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नॅसकार मोटार-शर्यतींमध्ये सुरुवातीला यातले काही चालक उतरले. रॉबर्ट मिचमच्या 'थंडर रोड' (१९५८) मधून हे जग पडद्यावर आलं. हँडब्रेक ओढून मागची चाकं अडकवायची आणि गाडी जागेवर १८० अंशांत फिरवायची, त्या वळणाला इंग्रजीत आजही दारूवाल्यांचंच नाव आहे.

दुसरी दिशा जर्मनीची. ॲरी कंपनीने १९३७ मध्ये फिरत्या आरशाच्या शटरचा ३५ मिमी कॅमेरा काढला. भिंगातून जे दिसतं तेच कॅमेरामनला दृश्यदर्शकात दिसे, आणि यंत्र हातात धरण्याजोगं होतं. साठच्या दशकात त्याच्या सुधारित आवृत्त्या हॉलिवूडमध्ये रुळल्या. त्यातलं २०० फुटी रीळ २४ फ्रेमला सव्वादोन मिनिटांत संपतं, ४०० फुटी साडेचार मिनिटांच्या आत. आवाज खूप करतो, पण पाठलागात संवाद कुठे असतात? आवाज नंतर वेगळा मुद्रित करून चिकटवता येतो. असा कॅमेरा मागच्या सीटवर खांद्यावर घेता येतो, बॉनेटला पट्ट्यांनी बांधता येतो, दाराबाहेर कंसावर टांगता येतो. गाडी डचमळली की चौकटही तिच्याबरोबर डचमळते. मागच्या पडद्याची गरज तिथे संपली.

सॅन फ्रान्सिस्को, १९६८

ब्रिटिश दिग्दर्शक पीटर येट्सने १९६७ च्या 'रॉबरी' मध्ये लंडनच्या रस्त्यांवर एक पाठलाग चित्रित केला होता. तो पाहून 'बुलिट'चा नायक स्टीव्ह मॅक्वीन याच्या बाजूने येट्सला या चित्रपटासाठी बोलावणं गेलं. निर्माता फिलिप डी'अँटोनी. हे नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण पुढच्या पाच वर्षांत याच माणसाच्या नावावर आणखी दोन मोठे पाठलाग लागले.

गाड्या दोन जातींच्या: गडद हिरवी १९६८ ची फोर्ड मस्टँग जीटी ३९० आणि काळी १९६८ ची डॉज चार्जर आर/टी, ४४० घनइंचांच्या इंजिनाची. शर्यतीच्या गाड्या बांधणारा मॅक्स बाल्चॉव्स्की याच्याकडे त्यांची तयारी होती. शहरातले उतार पाहता मूळ मस्टँग तिसऱ्या उडीतच मोडली असती. पुढच्या चाकांवरचे धक्के शोषणारे शॉक जिथे बसतात ते पत्र्याचे टॉवर उडीच्या धक्क्याने आत झुकतात. एकदा ते झुकले की चाकांचा कोन बिघडतो आणि गाडी सरळ धावत नाही. म्हणून त्या टॉवरना जास्तीचं पोलाद जोडलं, जाड स्प्रिंग आणि कोनी कंपनीचे शॉक घातले, इंजिनावरही हात फिरवला. चार्जरच्या इंजिनाला फारसं काही करावं लागलं नाही. ती मुळातच मस्टँगपेक्षा जोरदार होती, इतकी की तिच्या चालकाला काही ठिकाणी मुद्दाम आवरतं घ्यावं लागलं, असं सांगतात.

चार्जर चालवत होता बिल हिकमन, पडद्यावरचा तो पट्टा लावणारा माणूसही तोच. स्टंटची आखणी केरी लॉफ्टिनची. मॅक्वीन स्वतः कसलेला चालक होता आणि जवळून दिसणारे बरेच शॉट त्याने दिले, पण सर्वांत धोक्याच्या उतारांवर मस्टँग बड एकिन्सच्या हातात होती. ओळखायची खूण आरशात आहे. मॅक्वीन चालवत असेल तेव्हा आतला आरसा असा लावलेला असतो की त्यात त्याचा चेहरा दिसतो. एकिन्स असेल तेव्हा आरसा फिरवलेला असतो.

ठरलेला वेग ताशी १२० ते १३० किलोमीटर होता. प्रत्यक्षात गाड्या १७५ च्या पुढे गेल्या. कॅमेरा मात्र सरळ २४ फ्रेमवर चालवला, त्यामुळे टेलर स्ट्रीटच्या उतारावर जे दिसतं ते खरं आहे: चौकाच्या सपाट पट्टीवर गाडी वर उचलली जाते, चाकं लोंबतात, मग पुढचं टोक आधी खाली येतं, स्प्रिंग पूर्ण दबतात, गाडी पोट टेकवून पुन्हा उसळते आणि त्या उसळीला पुरेसा वेळ लागतो. आतल्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर चौकटीत आधी फक्त आकाश येतं आणि मग रस्ता अंगावर येतो. एका वळणावर मॅक्वीनचं ब्रेकिंग चुकलं, गाडी वळण सोडून पुढे घसरली, चाकांतून धूर निघाला. त्याने रिव्हर्स टाकून गाडी मागे घेतली. ही चूक संकलनात जशीच्या तशी ठेवली आणि आज ती या प्रसंगातली सर्वांत खरी वाटणारी जागा आहे.

चुका आणखीही आहेत आणि चाहत्यांना त्या पाठ आहेत. तीच एक हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा मागे पडते, कारण एकच उतार वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून टिपून लांबवला आहे. चार्जरच्या चाकांच्या टोप्या चारांपेक्षा जास्त वेळा निखळतात. भूगोलाचं तर विचारूच नका: गाड्या एका टेकडीवरून वळतात आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला निघतात. शेवटचा स्फोटही फसलेला आहे. चालकाच्या जागी पुतळे बसवलेली चार्जर मस्टँगला बाजूने जोडून ओढत आणली आणि ऐन वेळी सोडली. ती पेट्रोलपंपांना न लागता मागून निघून गेली. सुरुंग ठरल्या वेळी उडाले, आणि संकलक फ्रँक केलरने कापाकापी करून गाडी धडकल्याचा भास उभा केला. संकलनाचं ऑस्कर त्याला मिळालं, ते उगीच नाही.

पुढच्याच वर्षी 'द इटालियन जॉब' मध्ये फ्रेंच स्टंटचालक रेमी ज्युलिएनने तीन मिनी कूपर तुरिनच्या पायऱ्यांवरून, आडव्या गल्ल्यांतून आणि फियाटच्या लिंगोत्तो कारखान्याच्या गच्चीवरच्या चाचणी-मार्गावरून नेल्या. फार देखणं काम, पण जात वेगळी. तिथे गाड्या नाचतात.

खांब, आगगाडी आणि १८ फ्रेम

डी'अँटोनीचा दुसरा पाठलाग 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) मधला. 'बुलिट'ची नक्कल होऊ नये म्हणून दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन आणि त्याने वेगळीच जोडी शोधली: वर पुलावरून जाणारी आगगाडी आणि खाली रस्त्यावरून तिचा माग काढणारी पॉन्टिॲक लेमान्स. चित्रीकरण ब्रुकलिनमध्ये, वेस्ट एंड मार्गाच्या उंच रुळांखाली.

आगगाडी वळणार नाही, थांबणार नाही, तिला पकडण्याची जागा एकच, पुढचं स्टेशन. त्यामुळे चालकाला दोन ठिकाणी एकदम पाहावं लागतं: वर आगगाडी किती पुढे गेली आणि समोर कोण आडवं आलं. प्रेक्षकाची मानही तशीच फिरते. दुसरी खुबी लोखंडी खांबांची. वेगाची जाणीव डोळ्याला लांबच्या गोष्टींवरून होत नाही, जवळून सटकणाऱ्या गोष्टींवरून होते. दोन्ही बाजूंचे खांब सारख्या अंतरावर असल्याने ते वेगमापकाचंच काम करतात. खांब १५ मीटरवर आहेत असं धरलं तर ताशी ८० च्या वेगाला सेकंदाला दीड खांब डोळ्यासमोरून जातो. म्हणून उघड्या महामार्गावरचे १५० सपक वाटतात आणि या बोगद्यासारख्या रस्त्यावरचे ८० अंगावर येतात.

छायालेखक ओवेन रॉइझमनने यातले काही शॉट १८ फ्रेमने घेतले. म्हणजे जुनी युक्ती परत आली, पण बंपरच्या उंचीवर लावलेल्या कॅमेऱ्यातून. त्या शॉटमध्ये गाडीचं शरीर दिसतच नाही, दिसतो फक्त धावून येणारा रस्ता. त्यामुळे झोका चुकल्याचं कळायला जागाच उरत नाही. आणि गाडीच्या आतून एक धाव खरोखरच्या वाहतुकीतून घेतली गेली. चालक पुन्हा बिल हिकमन. फ्रीडकिनने नंतर अनेकदा सांगितल्याप्रमाणे २६ चौक, ताशी १४५ किलोमीटरपर्यंत, टपावर पोलिसांचा दिवा, आणि मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन तो स्वतः, कारण इतर कॅमेरामनना बायकामुलं होती. आज असं करू देणारा विमावाला सापडणार नाही आणि सापडू नयेही. रस्त्यावरच्या लोकांनी या प्रयोगाला संमती दिली नव्हती. पाठलाग कापताना समोर एका गाण्याचा ठेका धरला होता, असंही त्याने सांगितलं आहे. चित्रपटात ते गाणं नाही. ऐकू येतो तो हॉर्न, ब्रेक आणि वरची घडघड.

या चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाली, त्यात संकलनाचंही होतं. डी'अँटोनीने मग स्वतःच दिग्दर्शित केलेल्या 'द सेव्हन-अप्स' (१९७३) मध्ये तिसरा पाठलाग केला. चालक अर्थात हिकमन. शेवटी गाडी उभ्या ट्रकच्या मागून आत घुसते आणि टप सोलून निघतो. तीन चित्रपटांत हिकमनला नीट पाहिलं तर एक गोष्ट जाणवते. त्याचा चेहरा कंटाळलेल्या माणसासारखा असतो आणि हात अगदी थोडे हलतात. स्टेअरिंग घुसळणारे नट आणि खरा चालक यातला फरक तोच.

'द फ्रेंच कनेक्शन'च्याच वर्षी, १३ नोव्हेंबर १९७१ ला, अमेरिकन दूरचित्रवाणीवर स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ड्युएल' दाखवला गेला. एक लाल प्लिमथ व्हॅलियंट, एक गंजकट पीटरबिल्ट टँकर, आणि टँकरचा चालक कधीच पूर्ण दिसत नाही. ट्रक चालवत होता तोच केरी लॉफ्टिन. वजनाच्या मुद्द्यावर हा चित्रपट सर्वांत सरळ आहे: एका बाजूला कित्येक टन, दुसऱ्या बाजूला घाटात तापून दम टाकणारं इंजिन. कॅमेरा जमिनीलगत आणि भिंग रुंद. रुंद भिंगात जवळ येणारी वस्तू झपाट्याने फुगते, त्यामुळे टँकरचं तोंड पडदा खाऊन टाकतं. लांब पल्ल्याच्या भिंगाने उलट होतं: अंतरं चेपली जातात, मागची गाडी टेकल्यासारखी वाटते पण पुढे सरकतच नाही. चांगला संकलक दोन्ही आलटून पालटून वापरतो. नवखा माणूस सगळं लांब भिंगाने घेतो आणि वेग कुठे गेला म्हणून शोधत बसतो.

उडी, नळी आणि तोफ

सत्तरच्या दशकात मागणी वाढली आणि गाड्या मोडायचं रीतसर शास्त्र तयार झालं.

उडीचा मुख्य शत्रू गाडीचं नाक. इंजिन पुढे, म्हणून वजन पुढे. शिवाय पुढची चाकं उतरंडीचं (रॅम्पचं) टोक सोडतात तेव्हा मागची अजून तिच्यावरच असतात. ताशी ८० च्या वेगाला, दोन्ही चाकांत २.७ मीटर अंतर असेल तर हा फरक सुमारे ०.१२ सेकंदाचा. तेवढ्या वेळात निराधार नाक खाली झुकू लागतं आणि हवेत तो फेरा वाढत जातो. उपाय म्हणजे डिकीत वाळूची पोती किंवा काँक्रीट, काही शे किलो. १९७८ च्या नोव्हेंबरात जॉर्जियात 'ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' या मालिकेसाठी नारिंगी चार्जरने मारलेली पहिली उडी २५ मीटर लांब आणि जवळपास ५ मीटर उंच होती. पडद्यावर गाडी पळत राहते, प्रत्यक्षात अशा उडीनंतर चेसिस वाकते, दारं अडकतात, रेडिएटर पंख्यात घुसतो. एक उडी, एक गाडी. मालिकेने चार्जर शेकड्यांनी संपवल्या त्या अशा.

गाडी आडवी पलटवायची तर जुनी पद्धत तिरक्या नळीची. जमिनीवरून चढत जाणारा पोलादी पाइप. गाडीची एक बाजू त्यावर चढते, दुसरी खालीच राहते, आणि टोकाला गाडी कलंडते. यात अडचण एवढीच की पाइप दिसतो, म्हणून तो उभ्या गाडीमागे लपवावा लागतो. मोकळ्या जागेसाठी स्टंटमन हॅल नीडहॅमने तोफ आणली. चालकामागे गाडीच्या तळाला जाड पोलादी नळकांडं, तोंड खाली, आत लाकडी ओंडका, मागे बंदुकीची दारू. चालक आधी गाडी आडवी घसरवतो आणि मग बटण दाबतो. ओंडका रस्त्यावर आदळतो आणि गाडी उचलून लोळवतो. क्रम महत्त्वाचा. गाडी सरळ असताना बटण दाबलं तर ती लोळत नाही, नुसती वर उडते. दारू जास्त झाली तरी तेच. नीडहॅमच्या चाचणीत गाडी अशीच हवेत गेली आणि तो गंभीर जखमी झाला. १९७४ च्या 'मॅकक्यू' मध्ये ही पद्धत पहिल्यांदा पडद्यावर आली. पुढे दारूऐवजी दाबाखालचा नायट्रोजन आला. २००६ च्या 'कसिनो रोयाल' या बाँडपटामध्ये ॲस्टन मार्टिन आधी साध्या उतरंडीवर पलटेचना, इतकी ती जमिनीला धरून होती. तोफ बसवल्यावर तिने सात कोलांट्या घेतल्या, आणि तो विश्वविक्रम ठरला.

याच १९७४ मध्ये दोन टोकं दिसतात. 'द मॅन विथ द गोल्डन गन' या बाँडपटामध्ये एएमसी हॉर्नेट गाडी मोडक्या पुलावरून उडताना स्वतःभोवती पूर्ण फिरकी घेऊन चाकांवर उतरते. बफेलोजवळच्या कॉर्नेल प्रयोगशाळेत, जी पुढे कॅल्स्पॅन झाली, संगणकावर गणित मांडून ही उडी ठरवली होती. वजन दोन्ही बाजूंना सारखं असावं म्हणून चालकाची जागा आणि स्टेअरिंग मधोमध आणलं. एकाच प्रयत्नात जमलं. मग कुणीतरी त्यावर शिट्टीचा विनोदी आवाज घातला आणि इतक्या कष्टाने मिळवलेलं वजन एका क्षणात घालवलं.

दुसरं टोक एच. बी. हॅलिकी. 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' चा लेखक, दिग्दर्शक, निर्माता, नट आणि चालकही तोच. पाठलाग ४० मिनिटांचा, मोडलेल्या गाड्या ९३. महामार्गावर दुसऱ्या गाडीचा धक्का वेळ चुकून लागला आणि त्याची पिवळी मस्टँग भर वेगात दिव्याच्या खांबावर आदळली. तो अपघात चित्रपटात आहे. शेवटची उडी ३९ मीटरची, तिने त्याचे मणके दबले. चित्रपट म्हणून कच्चा, अभिनय बेतास बात. तरीही डोळा हटत नाही, कारण प्रत्येक पोचा पुढच्या शॉटमध्ये तसाच असतो. १९८९ मध्ये पुढच्या भागासाठी पाण्याची टाकी पाडण्याच्या प्रसंगाची तयारी चालू असताना तार तुटून खांब कोसळला आणि त्यात तो मेला.

'द ब्लूज ब्रदर्स' (१९८०) हा तर हिशेबवहीचा चित्रपट: १०३ गाड्या मोडल्या. शिकागोत उंच रुळांखालून गाड्या खरोखर ताशी १६० च्या पुढे नेल्या. पडद्यावर पाहिलं तर ते जलद फिरवलेल्या रिळासारखं दिसलं! मग दिग्दर्शक जॉन लँडिसने फुटपाथवर स्टंटची माणसं उभी करून पुन्हा चित्रीकरण केलं. ती साध्या चालीने चालतात, म्हणून गाडीचा वेग खरा हे कळतं. साठ वर्षांपूर्वी ज्या पायांनी लबाडी उघडी पाडली, तेच इथे साक्षीदार झाले.

नंतर काय बदललं

ऐंशीच्या दशकानंतर पाठलाग थांबले नाहीत, पण त्यांच्याखालची गाडी बदलली. जुने आडव्या विणीचे टायर पकड हळूहळू सोडत आणि त्या काठावर लांब किंचाळत. रेडियल टायर घट्ट धरून ठेवतात. स्प्रिंग कडक झाल्या, बैठक खाली आली, कलणं आणि नाक टेकणं कमी झालं. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून गाडीला घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची आहे. रस्त्यावर हे सगळं जीव वाचवतं. स्टंटच्या गाडीत मात्र पहिलं काम ते बंद करणं हेच असतं.

तयारी साधारण अशी चालते. ब्रेक अडकू न देणारी यंत्रणा आणि स्थिरतेची यंत्रणा तोडायची, नुसतं बटण दाबून भागत नाही, कारण ठराविक वेगानंतर ती आपोआप परत चालू होते. बटणाचा हँडब्रेक असेल तर मागच्या चाकांसाठी वेगळा हायड्रॉलिक लिव्हर बसवायचा. एअरबॅग काढायच्या, नाहीतर पहिल्या ठोकरीला चालकाच्या तोंडावर फुटतील. धक्का लागला की पेट्रोल तोडणारा स्विच निकामी करायचा. मूळ टाकी काढून छोटी सुरक्षित टाकी, त्यात शॉटपुरतंच इंधन. आतून रोलकेज म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा, पाच ठिकाणी बांधणारा पट्टा. आणि रस्त्यावर अंतर मोजायचं: वेग दुप्पट केला की थांबायला चौपट जागा लागते. कोरड्या डांबरावर ताशी ६० ला सुमारे २० मीटर, १२० ला ८०. सरावात ४० ने जमलेला शॉट कॅमेरा चालू झाल्यावर उत्साहाने ६० ला नेला की बहुतेक अपघात तिथेच होतात.

१९९८ चा 'रोनिन' हे जुन्या रीतीचं मोठं काम. जॉन फ्रँकनहायमरने त्याआधी 'ग्रां प्री' (१९६६) केला होता आणि गाडीला कॅमेरा कुठे बांधायचा हे त्याला ठाऊक होतं. उजवीकडे स्टेअरिंग असलेल्या गाड्या आणल्या, डावीकडे खोटं स्टेअरिंग लावून नटाला बसवलं आणि खरी गाडी उजवीकडचा स्टंटचालक चालवत होता. पॅरिसच्या रस्त्यांवर नट पुढे पाहत बसला आहे आणि गाडी त्याच्या हातात नाही. चेहऱ्यावर दिसतं ते बरंचसं अस्सल. पुढे चालकाला थेट टपावर पिंजऱ्यात बसवण्याची सोय झाली. युक्रेनमध्ये विकसित झालेला, धावत्या गाडीच्या टपावर बसणारा स्थिर कॅमेऱ्याचा बाहू जगभर पसरला. त्याने चित्र विलक्षण गुळगुळीत केलं. कधी कधी जरा जास्तच: कॅमेऱ्याला खड्डा लागला नाही तर प्रेक्षकालाही लागत नाही. स्टंटच्या आखणीला स्वतःचं ऑस्कर द्यायचं अकादमीने २०२५ मध्ये ठरवलं, तेही २०२७ पासून प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांसाठी. हिकमन, लॉफ्टिन आणि एकिन्स तोवर केव्हाच गेले होते.

'बुलिट'च्या दोन मस्टँगांपैकी जवळच्या शॉटची गाडी एका कुटुंबाकडे वर्षानुवर्षं राहिली आणि त्यांनी ती काही काळ रोजच्या वापरातही काढली. मॅक्वीनने ती परत विकत मागितली होती, त्यांनी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली लागली. उड्या मारणारी दुसरी गाडी भंगारात गेली असं सगळे धरून चालले होते. ती २०१७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात सापडली, पांढरा रंग फासलेली आणि इंजिन नसलेली. चेसिस क्रमांक जुळला. पुढच्या शॉकच्या टॉवरवर १९६८ मध्ये जोडलेलं जास्तीचं पोलादही अजून जागेवर होतं.